नव्या शेलवर जुनी एमजीबी उभी करताना

जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनीने १९८८ साली एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स कारची नवी बॉडी शेल, म्हणजे पत्र्याचा अख्खा सांगाडा, आणली आणि पार गंजलेल्या गाड्यांनाही पुन्हा रस्ता दिसला. शेल कितीही कोरी दिसो, थेट रंगाला पाठवू नका. आधी दारं, बॉनेट, डिकी, बंपर, सगळं कच्चं बसवून बघा. मी दाराच्या फटीतून साडेचार मिलिमीटरचं ड्रिल बिट सरकवत नेतो. अडलं की बिजागरीमागच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करायच्या. यात दोन-तीन दिवस जातात, जाऊ द्या. रंगानंतर हे दुरुस्त करणं जिवावर येतं.

मग बोल्टच्या प्रत्येक भोकाच्या आट्यातून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, आत प्रायमर साचलेला असतो. अर्थिंगच्या जागी, म्हणजे वायर बॉडीच्या पत्र्याला जोडतात तिथे, रंग खरवडून पत्रा उघडा करा. तिथे रंग राहिल्यामुळेच माझे हेडलाइट मिणमिणत होते. दारांखालच्या पोकळ सिलमध्ये गंजरोधक मेण रंगकामानंतरच फवारा. ब्रेकचे पाइप, वायरिंग आधी, इंजिन नंतर.