दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांनी मिळून कामट्यांचा आकाशकंदील कसा करावा

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की वसुबारसेपर्यंत चार-पाच दिवस हातात उरतात. स्वयंपाकघरात फराळाचा घाट, मुलं मोबाइलला चिकटलेली, आणि घरातली वडीलधारी माणसं ‘आमच्या वेळी’ सुरू करायच्या बेतात. अशा वेळी सगळ्यांना एका सतरंजीवर बसवायला आकाशकंदिलासारखं दुसरं काम नाही, असं माझं ठाम मत आहे. किल्ला मुलांचा असतो, रांगोळी जिची तिचीच असते आणि फराळात लुडबुड कुणालाच नको असते. कंदिलाला मात्र मोजणारा, गाठी मारणारा, कातरणारा, चिकटवणारा आणि वायर जोडणारा असे सगळेच लागतात.

आमच्या घरी हे काम अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुरू केलं. पहिल्या वर्षी कंदील वाकडा झाला. तो का झाला, ते पुढे येईलच.

आपण करणार तो जुन्या पद्धतीचा, सहा चौकोनांचा कंदील. एक चौकोन तळाला आडवा, एक तसाच माथ्याला आणि मधे चार चौकोन पतंगासारखे टोकावर उभे. हे एकमेकांना जोडले की मधल्या फटींत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, चार वर आणि चार खाली. सहा चौकोनांच्या प्रत्येकी चार काड्या म्हणजे 24 काड्या, बस्स. त्रिकोणांना वेगळी काडी लागत नाही. हे गणित मुलांना आधी सांगू नका. सांगाडा उभा राहिला की त्यांनाच मोजू द्या.

सामान

कामट्या, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या, बुरुडाकडे मिळतात. पुण्यात बुरूड आळी आहेच. इतर गावांत टोपल्या-सुपं विणणाऱ्यांकडे विचारा. सहा फुटी चार कामट्या पुरतात. रुंदी साधारण अर्ध्या करंगळीइतकी हवी. फार जाड घेतली तर कंदील जड होतो आणि पातळ घेतली तर गाठ आवळताना काडी वाकते. मुंबईकरांनी त्या निमित्ताने माहीमच्या कंदील गल्लीत एक चक्कर मारावी. विकत घ्यायला नको, नुसतं तिथली मंडळी सांगाडे कसे बांधतात ते मुलांना पाहू द्या.

पतंगाचा कागद साधारण 20 बाय 30 इंचांच्या तावात येतो. चौकोनांना राणी रंगाचे दोन ताव, त्रिकोणांना पांढरे तीन, झिरमिळ्यांना दोन आणि फाटाफाटीला एक, असे आठ घ्या. फाटाफाटीचा ताव हमखास कामी येतो. गोधडीचा पांढरा सुती दोरा घ्या. सुतळी नको, तिने गाठी बोजड होतात. शिवाय पॉलिश पेपर, कात्री, फूटपट्टी, बारीक दातांची करवत, होल्डर, वायर आणि एलईडी बल्ब.

पहिला दिवस : चौकोन

कामट्यांचे दहा-दहा इंचांचे तुकडे करायचे. एका कामटीतून सात निघतात, म्हणजे एकूण 28. चोवीस कामाचे, चार शिल्लक; ते टाकू नका. कापायचं काम मोठ्यांचं. मुलांना पॉलिश पेपर द्या आणि प्रत्येक काडीच्या कडा घासायला लावा. बांबूची कूस बोटात गेली की ती काढता काढता अख्खी दुपार जाते आणि ते मूल पुन्हा सतरंजीवर येत नाही.

घासून झाल्यावर सगळ्या काड्या मुठीत धरून जमिनीवर आपटायच्या. लांबी कमी-जास्त असेल तर लगेच दिसते. मग प्रत्येक काडीच्या दोन्ही टोकांपासून अर्ध्या इंचावर पेन्सिलीने खूण करायची. गाठ या खुणेवर येते, म्हणजे चौकोनाची बाजू बरोबर नऊ इंच भरते आणि बाहेर राहिलेल्या अर्ध्या इंचामुळे दोरा निसटत नाही.

गाठ अशी : दोन काड्या खुणेवर एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवा. दोरा एका तिरप्या दिशेने तीन वेढे, मग दुसऱ्या तिरप्या दिशेने तीन वेढे, म्हणजे वर फुली दिसते. शेवटी दोन्ही काड्यांच्या मधून दोन आडवे वेढे घेऊन दोरा करकचून ओढा आणि गाठ मारा. हे शेवटचे दोन वेढेच खरे आवळतात. ते विसरलात तर चौकोन संध्याकाळपर्यंत ढिला पडतो.

चार गाठी झाल्या की तो चौकोन दिसतो खरा, पण बहुतेक वेळा शंकरपाळा झालेला असतो. इथे अप्पांचं एक वाक्य दरवर्षी ठरलेलं, “अगं, गुण्यात आहे का बघ आधी.” गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं साधन. ते घरी नसेल तर दोन्ही कर्ण मोजा. नऊ इंची चौकोनाचा कर्ण पावणेतेरा इंचांच्या आसपास भरतो. एक कर्ण तेरा आणि दुसरा साडेबारा आला, तर लांब कर्णाची दोन टोकं हातात धरून हलके आत दाबा. दोन्ही सारखे आले की चौकोन गुण्यात.

मोजायचं काम आमच्या लेकीचं. ती दहा वर्षांची आहे आणि दुसऱ्याची चूक काढायची संधी ती सोडत नाही, त्यामुळे नेमणूक अचूक ठरली. असं प्रत्येकाचं बघून काम द्या. ज्याला शांत बसवत नाही त्याला दोरा कापून द्यायला लावा. ज्याला चित्रांचा नाद आहे त्याला कागदापर्यंत राखून ठेवा.

दुसरा दिवस : सांगाडा

तळाचा चौकोन सतरंजीवर ठेवा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन टोकावर उभे करा आणि खालची टोकं कोपऱ्यांना बांधा. याला चार माणसं लागतातच, एकेकाने एकेक चौकोन धरून बसायचं. मग शेजारच्या चौकोनांची बाजूची टोकं एकमेकांना बांधा. आता वर चार टोकं मोकळी दिसतील. त्यांच्यावर माथ्याचा चौकोन ठेवून चारही कोपरे बांधले की झालं. एकूण बारा सांधे.

झालं म्हणून सांगाडा उचलाल तर तो हातात पिळला जाईल. माथा एकीकडे फिरतो, तळ दुसरीकडे, आणि सगळं चपटं व्हायला लागतं. तुमचं काही चुकलेलं नाही. या आकाराचा तो स्वभावच आहे. त्रिकोण जागचा हलत नाही, चौकोन हलतो, आणि इथे चौकोन सहा आहेत. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. घाईघाईने तशाच डुगडुगत्या सांगाड्याला कागद लावला. चिकटवायला लावलेली मैद्याची खळ वाळली, कागद ताणला आणि कंदील ज्या पिळात होता त्याच पिळात कायमचा अडकला. दिवाळीभर आमच्या गॅलरीत मान वळवून बसलेला कंदील होता.

उपाय सोपा आहे. चारही उभ्या चौकोनांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन-दोन दोरे फुलीसारखे ताणून बांधा, प्रत्येक पावणेतेरा इंचांचा. दोरा पांढराच हवा, म्हणजे दिव्यामागे फारसा दिसत नाही. बांधून झालं की सांगाडा टेबलावर ठेवून डोळ्यांच्या उंचीवरून पाहा. माथा तळाच्या बरोबर वर असला पाहिजे.

उरलेल्या तुकड्यांपैकी दोन माथ्याच्या चौकोनावर अधिकचिन्हासारखे बांधून टाका. होल्डर तिथेच लटकणार आहे.

संध्याकाळी खळ. दोन मोठे चमचे मैदा पाव वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, त्यात दीड वाटी पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की गॅस बंद. गार झाली की ती आणखी घट्ट होते, म्हणून थोडी सैलच उतरवा. पूर्वी खळीत मोरचूद घालत, झुरळं-कसर लागू नये म्हणून. ते विषारी असतं. मुलांचे हात खळीत असताना नकोच. फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते, फक्त डब्यावर चिठ्ठी लावा. आमच्याकडे एकाने ती खीर समजून चमचा घातला होता.

तिसरा दिवस : कागद

पंखा बंद करा. ही सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे आणि सगळ्यात जास्त तक्रारी हिच्यावरच होतात.

राणी रंगाच्या तावांतून अकरा इंची चार चौकोन कापा. एका तावातून दोन निघतात. चारही कोपरे तिरके छाटा, नाहीतर सांध्याच्या गाठीवर कागद गोळा होतो. बाहेर आलेली कामटीची टोकं त्या छाटलेल्या जागेतून मोकळी राहतात. खळ कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची. पतंगाचा कागद ओला झाला की फाटतो आणि त्याचा रंगही हातभर पसरतो. कागद सांगाड्यावर बाहेरून ठेवा, आधी एक बाजू आत दुमडून चिकटवा, मग समोरची बाजू हलके ओढून, मग उरलेल्या दोन. माथ्याचा आणि तळाचा चौकोन उघडाच ठेवायचा, हवा खेळायला आणि बल्ब बदलायला.

मग पांढरे त्रिकोण. सांगाड्यावर ताव ठेवून पेन्सिलीने कडा उमटवा, बाहेर इंचभर जागा सोडून कापा. आठही त्रिकोण सारखेच असायला हवेत, पण हाताने बांधलेल्या सांगाड्यात ते कधीच नसतात, म्हणून प्रत्येक जागेवरच मापून घ्या.

मोठ्यांची खरी परीक्षा इथे असते. मुलाने कागद सुरकुतवला की आपला हात शिवशिवतो, ‘दे इकडे, मी लावते’ तोंडावर येतं. तसं एकदा म्हटलं की उरलेला कंदील तुम्हाला एकटीलाच करावा लागतो, हा स्वानुभव. गेल्या दिवाळीत आठ वर्षांच्या भाच्याने पांढरा त्रिकोण फाडला, फाटाफाटीचा ताव नेमका हिरवा होता, त्याने तोच लावला. सात पांढरे, एक हिरवा. मी गप्प बसले. सोसायटीत तेवढ्या एका त्रिकोणावरून आमची गॅलरी ओळखू यायला लागली.

चित्रं काढणाऱ्याची पाळी कागद लावायच्या आधी येते. काळ्या कार्डपेपरची मोर, पणती, कोयरी असली चित्रं कातरून ती राणी चौकोनांना आतल्या बाजूने चिकटवायची. दिवसा काही दिसत नाही, दिवा लागला की सावली उमटते. चिकटवल्यावर कंदील दोन-तीन तास टांगून वाळू द्या. तेवढ्या वेळात ज्याने त्याने आपापलं काहीतरी करावं. आमच्याकडे अप्पा पेटी काढतात आणि बाकीचे पणत्या रंगवायला बसतात.

चौथा दिवस : झिरमिळ्या आणि दिवा

ताव 20 इंची बाजूने दोनदा दुमडा, म्हणजे पाच इंचांची पट्टी होते. वरचे तीन इंच सोडून खालून अंगठ्याएवढ्या रुंदीच्या पट्ट्या कापत जा. उलगडलं की 27 इंची झिरमिळ्या. तळाच्या चौकोनाचा घेर 36 इंच, दोन ताव मिळून 40, म्हणजे थोडं एकावर एक चढवून बरोबर बसतं. मधल्या चार टोकांना लहान गोंडे बांधा, उरलेल्या कागदाचे किंवा लोकरीचे.

करंज्या हव्या असतील तर चार इंची कागदाचे चौकोन घ्या. समोरासमोरची दोन टोकं एकमेकांवर आणून चिकटवा, मधे घडी मोडू नका, म्हणजे पोट फुगीर राहतं. त्या कामट्यांवर ओळीने लावल्या की गाठी झाकल्या जातात. मला स्वतःला करंज्यांशिवायचा कंदील जास्त आवडतो, पण घरात मतदान झालं आणि मी हरले.

दिव्याचं काम मोठ्यांनीच करावं. पाच ते सात वॅटचा एलईडी पुरतो. जुना तारेचा बल्ब तापतो, कागदाच्या कंदिलात तो नको. होल्डर माथ्यावरच्या फुलीतून चार-पाच इंच खाली सोडा, बल्ब कुठेही कागदाला टेकता कामा नये. वायरचा जोड घराच्या आत ठेवा. दिवाळीतही एखादी सर येऊन जाते. आणि कंदील वायरवर टांगू नका. माथ्याच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधून त्या फूटभर वर एकत्र आणा आणि त्या गाठीला आकड्यात अडकवा. चारही दोऱ्या सारख्या लांबीच्या नसतील तर इतके दिवस मोजलेले सगळे कर्ण वाया जातात.

वसुबारसेच्या संध्याकाळी दिवा लावा. बऱ्याच घरांत कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. उतरवल्यावर सांगाडा टाकू नका. ओलं फडकं फिरवलं की खळ सुटते आणि कागद सोलून निघतो. सांगाडा जुन्या सुती साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी आठ ताव आणले की निम्मं काम झालेलं असतं.

आमच्या तळाच्या चौकोनाच्या एका कामटीवर आतल्या बाजूने पेन्सिलीने सालं लिहिली आहेत, प्रत्येक सालापुढे त्या वर्षी बसलेल्यांची आद्याक्षरं. तीच कामटी मागच्या वर्षी गाठीपाशी चिरली. बदलायला हवी होती, शिल्लक तुकडेही होते. अप्पांनी तिला दोऱ्याचे सात-आठ वेढे दिले आणि तीच परत बांधली.