पहिल्या वर्षाची भौतिकशास्त्राची अंतिम परीक्षा : यांत्रिकीची तयारी

परीक्षेला १५ दिवस उरले की सर्वांत आधी अभ्यासक्रमाची प्रत समोर ठेवावी आणि प्रत्येक घटकापुढे, त्यावरील किती उदाहरणे आपण पुस्तक मिटून स्वतः सोडवली आहेत, तो आकडा लिहावा. नुसते वाचून पटलेले उदाहरण यात मोजू नये. जिथे शून्य दिसेल तिथून सुरुवात करावी. आवडता धडा पुन्हा उजळण्याचा मोह याच दिवसांत फार होतो.

सूत्रांची वही केलीच असेल, तर प्रत्येक सूत्राखाली ते कोणत्या अटीवर चालते हेही लिहून ठेवावे, कारण माझ्या मते खरी तयारी इथेच होते. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने येऊन दोरीला टांगलेल्या १.९९ किलोग्रॅमच्या ठोकळ्यात रुतते, तर ठोकळा किती उंच जाईल, हे उदाहरण घ्या. गोळीची ८०० जूल गतिज ऊर्जा थेट स्थितिज ऊर्जेइतकी मांडली, तर उंची जवळजवळ ४१ मीटर येते. वास्तविक गोळी रुतताना संवेग अक्षय्य राहतो, गतिज ऊर्जा राहत नाही. म्हणून दोघांचा मिळून वेग सेकंदाला २ मीटर निघतो, ऊर्जा अवघी ४ जूल उरते, आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्यानंतरच्या झोक्याला लावला की उंची सुमारे २० सेंटिमीटर येते. उरलेली ७९६ जूल ऊर्जा उष्णतेत आणि लाकूड फाटण्यात गेलेली असते. उत्तरपत्रिका तपासताना मला सर्वाधिक हळहळ वाटते ती अशा उत्तरांची, ज्यांत आकडेमोड निर्दोष असते आणि नियम मात्र चुकीच्या क्षणाला लावलेला असतो.

बलांच्या उदाहरणात आकृती काढल्याशिवाय समीकरणाला हात लावू नये. कलत्या प्रतलावरील ठोकळ्याची लंब प्रतिक्रिया सवयीने पूर्ण वजनाइतकी लिहिली जाते. ती वजन गुणिले कोनाचा कोसाइन इतकी असते. शंका आली तर कोन ९० अंश धरून पाहावे: प्रतल उभे झाले की ठोकळा त्यावर टेकतच नाही, म्हणून प्रतिक्रिया शून्य यायला हवी, आणि कोसाइन घेतल्यावर ती तशी येते. ही पडताळणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि साइन-कोसाइनचा घोळ ती तिथल्या तिथे पकडते.

घूर्णनासाठी कडे, चकती आणि भरीव गोल यांचे जडत्व आघूर्ण पाठ असावेत, आणि तिन्ही एकाच उतारावरून न घसरता गडगडत सोडले तर गोल आधी का पोहोचतो, हे स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावे. एककांचा सराव थोडक्यात उरकता येतो: ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, हे रूपांतर न अडखळता जमले पाहिजे.

शेवटच्या आठवड्यात मागील वर्षांच्या किमान तीन प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवाव्यात. एखादे उदाहरण पुरे होत नसले तरी आकृती, दिलेली माहिती आणि लागू होणारा नियम लिहूनच पुढे जावे, कारण अनेकदा पायऱ्यांनाही गुण मिळतात.

आदल्या रात्री प्रवेशपत्रासोबत कॅल्क्युलेटर काढून ठेवाल, तेव्हा त्यावर ३० चा साइन काढून पाहा. ०.५ आले तर तो अंशांत आहे, उणे ०.९८८ आले तर रेडियनमध्ये. सरल आवर्त गतीच्या उदाहरणात कोनीय वारंवारता आणि वेळ यांचा गुणाकार रेडियनमध्ये असतो, म्हणून तेवढ्यापुरते बटण बदलावे लागते, आणि ते उदाहरण संपताच आठवणीने परत अंशांवर आणावे लागते.