व्हिसाच्या आधीची कागदं: परदेशी निघालेल्या कोकणातल्या सिस्टरांसाठी

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडच्या नव्या सिस्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, व्हिसा किती दिवसांत येतो?" व्हिसा हॉस्पिटल काढतं गो! आपलं काम त्याच्या आधीचं, आणि वेळ खातं तेच.

सगळ्यात आधी नाव बघा. जीएनएमचं (नर्सिंगच्या डिप्लोमाचं) सर्टिफिकेट माहेरच्या नावाने, पासपोर्टवर सासरचं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी यातलं काहीही. कुठे मधलं नाव गाळलेलं, कुठे स्पेलिंगात एक अक्षर जास्त. आखातासाठी डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी असते. ती मंडळी कॉलेजला, कौन्सिलला, जुन्या हॉस्पिटलला थेट विचारतात, आणि नाव जुळलं नाही की फाइल तिथेच अडकते. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा, कौन्सिलची नोंदणीही त्याच नावाने करून घ्या. लग्न अजून व्हायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तिकडे रुजू होईपर्यंत नाव बदलू नका. सासरच्यांची समजूत काढणं राजपत्रापेक्षा सोपं. बहुतेक वेळा.

अनुभवाचं पत्रही तसंच. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत "सिस्टर चांगल्या आहेत" एवढंच लिहून देतात. त्याचा उपयोग नाही. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, वॉर्ड, हुद्दा, शिक्का हवा, आणि पडताळणीच्या मेलला उत्तर देणारं तिथे कुणीतरी हवं. नोकरी सोडतानाच हे मागून घ्या.

परीक्षा देशागणिक वेगळी. सौदी, दुबईसाठी प्रोमेट्रिक, म्हणजे संगणकावरची परवाना परीक्षा. इंग्लंडला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७, फक्त लेखनाला साडेसहा चालतात. तिथल्या नर्सिंगची सीबीटी (संगणकावरची परीक्षा) इथे देता येते, ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) तिकडे जाऊन. जर्मनीत नर्स म्हणून मान्यतेसाठी साधारणपणे जर्मनची बी२ पातळी लागते.

आता एजंट. कुवेतच्या भरतीत कोचीच्या एका एजन्सीने साडेएकोणीस हजारांच्या जागी साडेएकोणीस लाख घेतल्याचं प्रकरण गाजलं. त्याच वर्षी, २०१५ मध्ये, केंद्राने आखातासह १८ देशांत जाणाऱ्या नर्सना एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी देशाबाहेर जायची सरकारी परवानगी) सक्तीचा केला, पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे एरवी ही परवानगी न लागणारा, असला तरी. भरतीही आधी केरळच्या नोर्का आणि ओडेपेक या सरकारी संस्थांकडेच दिली. पुढे इतर राज्यांच्या संस्था आल्या. म्हणून हा क्लिअरन्स टाळून "व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून घेऊ" म्हणणाऱ्याला दारातच उभं करा. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. एजंटची नोंदणी केंद्र सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर दिसते.

इंग्लंडच्या नावाने कुणी 'केअर वर्कर'चा व्हिसा विकत असेल, तर २२ जुलै २०२५ पासून बाहेरच्या देशांतून ती भरती बंद आहे. नर्सचा रस्ता वेगळा, तो चालू आहे, आणि तिथल्या नियमानुसार एजन्सीने उमेदवाराकडून भरतीची फी घ्यायचीच नसते.