सोनकीत लेकरांचे फोटो काढताय? या चुका टाळा

भाद्रपद लागला की त्र्यंबक रस्त्याच्या दोन्ही अंगांना, अंजनेरीच्या उतारांवर, पहिन्याच्या माळांवर सोनकी, तेरडा, कवला फुलून येतात आणि रविवारी नाशिककर पोराबाळांना घेऊन तिकडे निघतात. घरी येऊन मोबाइल उघडावा तर बहुतेक फोटो सारखेच. मूल ताठ उभं, डोळे बारीक केलेले, ओठ ओढूनताणून हसरे, आणि फुलं म्हणजे मागे एक पिवळा पट्टा. महागडा कॅमेरा घेऊन यातलं काही सुधारत नाही.

"इकडे बघ, हस ना!"

सगळ्यात मोठी चूक हीच. तीन-चार वर्षांच्या मुलाला हसायला सांगितलं की ते फक्त दात दाखवतं. त्यापेक्षा त्याला काम द्या. तेरड्याचं पिकून फुगलेलं बोंड शोधायला सांगा. चिमटीत धरलं की ते टचकन फुटतं, सालीच्या पट्ट्या आत गुंडाळल्या जातात आणि बिया उडतात. पहिल्या बोंडाला मूल दचकतं, दुसऱ्याला खिदळतं. तिसरं शोधताना मात्र मान खाली, ओठ मुडपलेले, सगळा जीव दोन बोटांत. हाच चेहरा टिपायचा. बोंडं फोडली म्हणून झाडाचं काही बिघडत नाही, बिया पसरायची त्याची रीतच ती आहे. मोबाइलवर बर्स्ट, म्हणजे एका दमात बरेच फोटो काढायची सोय, लावा. कॅमेरा असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या १/५०० पेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर हात हललेले येतील.

उभ्या उभ्या काढलेला फोटो

सोनकी असते फार तर गुडघाभर. आपण आपल्या उंचीवरून फोटो काढतो, त्यात मूल बुटकं दिसतं आणि मागे फुलांऐवजी चिखल येतो. खाली बसा. जुनी सतरंजी अंथरून पालथं पडलात तर आणखी चांगलं. लेन्स फुलांच्या उंचीला आणा, दोन-चार फुलं लेन्सच्या अगदी पुढ्यात येऊ द्या आणि मूल त्यांच्या पलीकडे पायवाटेवर असू द्या. विरळ फुलंसुद्धा अशी दाट दिसतात.

म्हणजेच फोटोसाठी मुलाला फुलांत घुसवायची गरजच नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सोनकी आणि तेरडा दोन्ही एका हंगामाची झाडं. बी धरायच्या आत तुडवली गेली की त्या जागी पुढच्या वर्षी तेवढी कमी उगवतात. अंजनेरीवर तर जास्तच जपायला हवं. तिथल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला त्या डोंगराचंच नाव आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. फुलावर नसताना ते गवतात ओळखूही येत नाही, त्यामुळे पाय कशावर पडतोय हे कळत नाही. पायवाट सोडू नका, मुलांनाही सोडू देऊ नका.

उजेड, रंग आणि धुरकट फोटो

नाश्ता-बिश्ता आटोपून निघालं की पोचायला अकरा वाजतात. तेव्हा ऊन डोक्यावर असतं आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी सात ते नऊ किंवा साडेचारनंतर जा, सूर्य मुलाच्या पाठीशी ठेवा. ढगाळ हवेत उजेड मऊ मिळतो, पण पांढऱ्या आकाशामुळे चेहरा काळवंडतो. अशा वेळी आकाश चौकटीबाहेर ठेवून मागे डोंगर घ्या, स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा.

चेहरा हिरवट दिसतोय? गवताचा रंग हनुवटीवर उतरतो, आणि पोपटी टीशर्ट असेल तर विचारूच नका. पिवळ्या सोनकीत पिवळा फ्रॉकही हरवतो. दुधी, फिकट निळा, विटकरी हे रंग उठून दिसतात.

सगळंच धुरकट येत असेल तर एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर बाष्प धरलंय. पुसलं तरी परत धरतं, पाच-दहा मिनिटं थांबा. पोर्ट्रेट मोडमध्ये मोकळे केस आणि गवताची पाती कातरल्यासारखी दिसतात. तो बंद करा, थोडं मागे सरका आणि दुप्पट झूम वापरा. दोन भावंडांपैकी एक अस्पष्ट येत असेल तर दोघांना लेन्सपासून सारख्या अंतरावर बसवा, कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/४ किंवा ५.६ ठेवा.

लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी मुलांना लगेच खुणावते. ती मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, हाताळू देऊ नका. शहराजवळच्या मोकळ्या प्लॉटवरचं पांढरं गाजरगवत फोटोत नाजूक दिसतं, पण त्याने अंगाला खाज सुटते. गवतात फुरसं हा विषारी साप असू शकतो, म्हणून पायात सँडल नको, बूट हवेत, आणि मुलाच्या आधी आपण पुढे चालायचं.

एक शेवटचं. भुकेलं मूल रमत नाही, त्याला आधी खाऊ घाला. वाटेत भाजलेलं कणीस घेतलंत तर पाणी आणि ओला रुमाल जवळ ठेवा. दातांत अडकलेली कणसाची सालं जवळून काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसतात.