कुर्दिस्तानवर लिहिताय? या चुका टाळा

पहिली चूक नकाशातच होते. तुर्कस्तान, इराक, इराण, सीरिया यांच्या सीमांवर कुर्द लोकांच्या वस्तीचा एक मोठा पट्टा रंगवायचा, वर ‘कुर्दिस्तान’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. प्रत्यक्षात राज्यघटनेने मान्य केलेला कुर्दिस्तान प्रदेश फक्त इराकमध्ये आहे: एर्बिल, दुहोक, सुलेमानिया आणि त्यातून वेगळा काढलेला हलब्जा. किर्कुक हे तेलाचं वादग्रस्त शहर त्यात धरू नका. इराणमध्येही ‘कोर्देस्तान’ नावाचा प्रांत आहे, मुख्य शहर सनंदज. पण 1946 साली जिथे कुर्दांचं प्रजासत्ताक उभं राहिलं आणि वर्षभरही टिकलं नाही, ते महाबाद आज पश्चिम अझरबैजान प्रांतात मोडतं. तुर्कस्तानच्या प्रशासकीय नकाशात तर हे नाव कुठेच नाही. तेव्हा ‘कुर्दिस्तानात हल्ला’ असा मथळा न करता शहर आणि देश लिहावा.

कुर्दांच्या लोकसंख्येचंही तसंच. 3 ते 4 कोटी हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. शेवटच्या हजारापर्यंत नेमका आकडा कुणी दिला, तर तो आला कुठून हे आधी विचारा.

‘1920 मध्ये कुर्दांना देश मिळाला आणि 1923 मध्ये हिरावला गेला’ हे वाक्य हमखास सापडतं. पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्याशी झालेल्या 1920 च्या सेव्र तहाच्या 62 ते 64 या कलमांत आधी स्वायत्तता होती. तह लागू झाल्यापासून वर्षभराच्या आत बहुसंख्य कुर्दांनी राष्ट्रसंघाकडे मागणी केली आणि राष्ट्रसंघाला ते सक्षम वाटले, तर स्वातंत्र्य. म्हणजे अटींवर अटी. इराणमधले कुर्द त्या आराखड्यात नव्हतेच आणि तहाची अंमलबजावणीही झाली नाही. त्याच्या जागी आलेल्या 1923 च्या लोझान तहात कुर्दांचा उल्लेखच नाही. हिरावून घ्यायला आधी हातात काही पडावं लागतं.

नावांची सरमिसळ ही रोजची डोकेदुखी. सीरियातल्या कुर्द लढवय्यांना ‘पेशमर्गा’ लिहू नका. तो शब्द इराकी आणि इराणी कुर्द पक्षांच्या सशस्त्र दलांचा. सीरियात वायपीजी ही कुर्द सेना, आणि 2015 पासून तिच्याभोवती उभी राहिलेली एसडीएफ ही आघाडी, जिच्यात अरबही होते. तुर्कस्तानातल्या पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेला ‘स्वतंत्र देशासाठी लढणारी’ हे विशेषण चिकटवताना काळ बघा: 1978 मध्ये स्थापना झाली तेव्हा ते बरोबर होतं, पण तिचे संस्थापक ओजलान यांनी ती मागणी पुढे सोडली आणि मे 2025 मध्ये संघटनेनेच विसर्जन जाहीर केलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र ‘चार देश विरुद्ध कुर्द’ ही मांडणी. त्यातला प्रत्येक देश घरच्या कुर्दांना दाबत आला आणि जमेल तेव्हा शेजाऱ्याच्या कुर्दांना हाताशी धरत आला. इराणचा शाह इराकी कुर्दांचे नेते मुस्तफा बारझानींना इराकविरुद्ध शस्त्रं पुरवत होता. 6 मार्च 1975 ला अल्जिअर्समध्ये सद्दामने शत्त अल्-अरब नदीच्या सीमेवर माघार घेतली, शाहने रसद तोडली आणि काही आठवड्यांत बंड कोसळलं. कुर्दही याला अपवाद नाहीत. 1996 मध्ये मुस्तफांचे पुत्र मसूद बारझानी यांच्या केडीपी या इराकी कुर्द पक्षाने प्रतिस्पर्धी कुर्द पक्ष पीयूकेला हुसकावायला चक्क सद्दामचं सैन्य एर्बिलमध्ये बोलावलं; सद्दामच्या सैन्याने हलब्जातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडला त्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पीयूकेच्या पाठीशी इराण होता. ‘कुर्दांची भूमिका’ असं लिहिताना म्हणूनच हात अडखळायला हवा. कोणता पक्ष, हे लिहा.

इराकी कुर्दिस्तानने स्वातंत्र्यावर घेतलेल्या 25 सप्टेंबर 2017 च्या सार्वमताचा आकडा सगळे देतात: 92.73 टक्के होकार. तो एकटा देऊ नका, सोबत तीन गोष्टी हव्यात. मत बंधनकारक नव्हतं. मतदान किर्कुकसारख्या वादग्रस्त भागातही घेतलं गेलं. (किर्कुक 2014 मध्ये इराकी सैन्य पळाल्यावर पेशमर्गांनी ताब्यात घेतलं होतं.) आणि 16 ऑक्टोबरला बगदादने किर्कुक परत घेतलं. होकार प्रचंड होता, पण त्यानंतर तीन आठवड्यांत जमीन आणि तेलविहिरी दोन्ही गेल्या.

‘तेल आहे, मग देश का चालणार नाही?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने पाइपलाइनचं दुसरं टोक पाहावं. या प्रदेशाला समुद्र नाही. तेल तुर्कस्तानच्या जेहान बंदरातून बाहेर पडतं. मार्च 2023 मध्ये पॅरिसच्या लवादाने या तेलनिर्यातीच्या वादात इराकच्या बाजूने निकाल दिला, तुर्कस्तानने पाइपलाइन थांबवली आणि ती सुरू व्हायला सप्टेंबर 2025 उजाडला. अडीच वर्षं तेल होतं, वाट नव्हती.

सीरियाबद्दल लिहिताना नकाशाची तारीख बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुर्दबहुल आफ्रिन 2018 मध्येच तुर्कस्तानच्या ताब्यात गेलं, आणि 10 मार्च 2025 ला एसडीएफने सीरियाच्या सरकारी यंत्रणेत विलीन होण्याच्या करारावर सही केली. तरीही जुन्या नकाशात एसडीएफचा ताबा दाखवणारा तो पिवळा पट्टा अजून सर्रास डकवला जातो.