पक्षी धडकला तर छोट्या विमानाच्या वैमानिकांनी या चुका टाळा

बारामती, धुळे, गोंदियाला विमान चालवायला शिकणाऱ्यांना घारी नव्या नाहीत. ऊन तापलं की त्या गरम हवेवर धावपट्टीच्या आसपासच घिरट्या घालतात. मोठ्या प्रवासी विमानाच्या पुढच्या काचेने सुमारे १.८ किलोच्या पक्ष्याची धडक सोसलीच पाहिजे, असा नियम आहे. शिकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या सेस्ना १७२ विमानाच्या ॲक्रिलिक काचेला तशी कसोटी नाही.

सर्रास होणारी चूक म्हणजे पक्षी दिसताच नाक खाली दाबणं. बिथरलेला पक्षी बहुधा खालीच झेपावतो, म्हणजे आपण त्याच्याच वाटेत जातो. वर चढा. पण उतरण्याआधीच्या वळणावर, कमी वेगात असाल तर कंट्रोल हिसका देऊन ओढू नका. तिथला स्टॉल, म्हणजे पंखांची उचल अचानक जाणं, घारीपेक्षा कितीतरी घातक. समोर थवे दिसत असतील तर वेग आधीच उतरवा. १०० नॉटचे ७० केले की धडकेची ऊर्जा निम्मी होते.

काच फुटलीच तर वारा, तुकडे, रक्त, पिसं सगळं एकदम तोंडावर येतं आणि हात रेडिओकडे जातो. तो थांबवा. आधी विमान सरळ धरा, वेग सुरक्षित मर्यादेत कमी करा. वाऱ्याचा माराही कमी होतो. डोळ्यांवर गॉगल हवाच, याबाबतीत मी हट्टी आहे. वेगमापक विचित्र दाखवू लागला तर पिटो नळी (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी नळी) बुजली असेल. ओळखीची पॉवर आणि नाकाचा ओळखीचा कोन धरून उडा. पंखाची कड चेपली असेल तर स्टॉल नेहमीपेक्षा जास्त वेगालाच येतो, म्हणून उंचीवर असतानाच उतरण्याच्या वेगाला विमान कसं वागतं ते पाहून घ्या.

‘इंजिन नीट चाललंय, घरच्या धावपट्टीवरच जाऊ’ हा मोह टाळा. हवेच्या फिल्टरवर पिसं बसली असतील तर ताकद हळूहळू जाते. कार्बोरेटरचं इंजिन असेल तर कार्बोरेटर हीट (इंजिनाला गरम हवा देणारा खटका) ओढली की फिल्टर टाळून हवा मिळते. जवळच्या धावपट्टीवर उतरा.

उतरल्यावर डाग लगेच पुसू नका. फोटो काढा, पिसं पिशवीत ठेवा. पक्ष्याची जात त्यावरूनच ओळखता येते. प्रोपेलर आणि पंख इंजिनिअरने तपासल्याशिवाय पुन्हा उडू नका. किरकोळ धडकही डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) कळवा. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला किंवा जनावरं कापायला कायद्याने बंदी आहे. घारी जमतात त्या तिथेच, आणि ही बंदी पाळायला लावायची तर हातात नोंदी लागतात.