एलएफपी बॅटरीचे टक्के चुकतात तेव्हा: गाडी कॅलिब्रेट कशी करावी

इलेक्ट्रिक गाडीच्या स्क्रीनवर १८ टक्के दिसतात, दोन-तीन किलोमीटर जात नाहीत तोच ९ होतात. किंवा चार्जिंगला लावलेली गाडी ९९ वर तासभर अडून बसते. असं झालं की पहिली शंका येते ती बॅटरी बसल्याची. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरीच्या गाडीत बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते, चुकलेला असतो तो गाडीचा अंदाज. कॅलिब्रेशनने हा अंदाज जागेवर येतो. बॅटरीचं आयुष्य त्याने वाढत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

अंदाज चुकतो का? इलेक्ट्रिक गाड्यांतल्या दुसऱ्या प्रकारच्या, निकेलवाल्या बॅटरीत चार्ज उतरेल तसं व्होल्टेजही बऱ्यापैकी सारखं उतरत जातं, त्यामुळे व्होल्टेज पाहून किती उरलंय ते कळतं. एलएफपीच्या सेलचं, म्हणजे बॅटरीतल्या एकेका छोट्या घटकाचं, कमाल व्होल्टेज ३.६५. तिथून ते पटकन ३.३ च्या आसपास येतं आणि मग साधारण ९० ते २० टक्क्यांपर्यंत जवळपास तिथेच रेंगाळतं. पठारावर चालताना उंची मोजून आपण किती अंतर आलो हे जसं सांगता येत नाही, तसंच हे. मग बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, किती करंट आत गेला आणि किती बाहेर पडला याची बेरीज-वजाबाकी करत राहते. प्रत्येक मोजणीत बारीकशी चूक असतेच, ती साठत जाते. पूर्ण चार्जच्या टोकाला मात्र व्होल्टेज एकदम चढतं. ‘हे १०० टक्के’ असं यंत्रणेला खात्रीने कळतं ते तिथेच.

आधी बॅटरी कुठली ते पाहा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ते असतं. निकेलची बॅटरी असेल तर रोज ८० टक्क्यांच्या आसपास थांबण्याचा सल्ला बरोबर आहे आणि पुढचं तुमच्यासाठी नाही. एलएफपी असेल तर कंपनी काय सांगते ते वाचा. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्या आठवड्यातून एकदा तरी १०० टक्के चार्ज करायला सांगते, फोर्ड महिन्यातून एकदा. नेहमीच्या वापरात एवढं पाळलं तर वेगळं काही करावं लागत नाही.

टक्के भरवशाचे वाटत नसतील तर गाडी नेहमीसारखी चालवून १०-२० टक्क्यांपर्यंत खाली आणा आणि तीन-चार तास नुसती उभी ठेवा. व्होल्टेज स्थिरावतं, खालच्या बाजूचाही अंदाज लागतो. शून्यावर नेऊ नका. टक्केच चुकीचे असताना शून्य गाठायला जाणं म्हणजे रस्त्यात बंद पडायची सोय करणं.

आता एसी, म्हणजे घरच्यासारख्या संथ, चार्जरवर लावा, मर्यादा १०० ठेवा. या कामाला फास्ट चार्जर नको. शेवटच्या टप्प्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिथे जागा अडवून बसणंही बरं नाही.

१०० दिसले तरी प्लग काढू नका. सगळ्यांची घाई इथेच नडते. बॅटरीत शंभराच्या आसपास सेल ओळीने जोडलेले असतात आणि ते सगळे एकाच वेळी भरत नाहीत. एखादा सेल आधी टोकाला पोचतो, तेव्हा यंत्रणा चार्जिंग मंद करते किंवा थांबवते, त्या सेलमधला जास्तीचा चार्ज रेझिस्टरमधून उष्णता म्हणून घालवते आणि मागे राहिलेल्यांना वेळ देते. हा करंट अगदी थोडा असतो, म्हणून काम तासन् तास चालतं. स्क्रीनवर पॉवरचा आकडा सात किलोवॅटवरून एकवर येतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो. गाडी बिघडलेली नाही, तिला करू द्या. चार्जिंग पूर्ण झाल्याचं गाडीने सांगितलं की मगच काढा.

त्यानंतर गाडी वापरा. सुरुवातीला ब्रेकिंगमधून परत येणारी वीज कमी मिळेल, कारण भरलेल्या बॅटरीत ती मावत नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी नेहमीसारखी रोखली जाणार नाही, हे पहिल्या वळणाआधी लक्षात असू द्या.

एका खेपेत फरक पडला नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. कॅलिब्रेशननंतर रेंज कमी दिसली तर दचकू नका. ती आधीच तेवढी होती, आता खरी दिसतेय.

बॅटरीची तब्येत पाहायची योग्य वेळ हीच. समजा, वापरता येणारी क्षमता ६० किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलातली ६० युनिट, आहे. १०० वरून २० टक्क्यांपर्यंत शक्यतो एकाच दिवसात गाडी चालवा आणि ट्रिप मीटरवरचा वापर पाहा. तो ४५ युनिट असेल तर ४५ भागिले ०.८, म्हणजे सुमारे ५६. साठापैकी छप्पन्न, म्हणजे ९४ टक्क्यांच्या आसपास. दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणारच. ही चाचणी कडाक्याच्या थंडीत करू नका, तेव्हा आकडा उगाच कमी येतो.

आता आयुष्याचं. एलएफपी काटक आहे, पण भरलेली बॅटरी उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवणं तिलाही मानवत नाही. गाडी आठवडे वापरायची नसेल तर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि पूर्ण चार्ज निघायच्या आदल्या रात्री करा. शून्याखालच्या तापमानात बॅटरी आधी गरम होऊ द्या, मग चार्ज करा. गार सेलमध्ये घाईने चार्ज भरला तर लिथियमचा थर साचतो आणि तेवढी क्षमता कायमची जाते.

दोन-तीन वेळा हे सगळं करूनही टक्के अचानक कोसळत असतील तर एखादा सेल कमजोर असू शकतो. सर्व्हिस सेंटरला सेलमधल्या व्होल्टेजचा फरक, पूर्ण चार्जला आणि कमी चार्जला असा दोन्हीकडचा, लेखी मागा. मधल्या पठारावरचा आकडा घेऊन उपयोग नाही, तिथे कमजोर सेलही इतरांसारखाच दिसतो. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी देतात आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर ती लागू होते. तुमच्या कागदावर नेमकं काय आहे ते वाचून मगच जा.